विजापूर पाहावं तर तांग्यातून

चाळीस वर्षं सोलापुरात गवंडीकाम आणि सेंटरिंग केलं. कुठल्याही इमारतीत शिरलो की नजर आधी छताकडे जाते, वजन कुठून खाली उतरलंय ते शोधत. त्यामुळे नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन विजापूरला निघालो (पाट्यांवर विजयपुरा आहे, पण आमच्या तोंडी विजापूरच), तेव्हा घाई नको एवढंच ठरवलं होतं. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला म्हणाला, दोन तासांत सगळं दाखवतो. शेजारी एक म्हातारे चाचा तांगा घेऊन उभे होते. त्यांच्याशी दिवसाचे आठशे ठरले.

दुपार झाली होती. चाचांनी स्वतःच सांगितलं की गोल घुमट आज नको, उद्या दार उघडताच. "शाळेकी पोरां आने के पैले उप्पर जाव." या एका सल्ल्यातच माझे पैसे वसूल झाले.

सकाळी कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने चढलो, तेव्हा वरच्या सज्जात आम्ही दोघंच. नातू पलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याने खिशातलं बसचं तिकीट फाडलं. तो टर्र आवाज इकडे माझ्या कानाशी आला! नंतर सहली आल्या, आरोळ्या सुरू झाल्या आणि मग नुसता कल्लोळ. चुकूनही उशिरा जाऊ नका.

मी मात्र खाली येऊन तासभर वर बघत बसलो. 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. सुमारे 41 मीटर बाजूचा चौकोनी दिवाणखाना, मध्ये एकही खांब नाही, आणि वर बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट. तो उभा आहे तो आठ कमानींवर. एकमेकींना छेदत त्या चौकोनाचा आठकोन करतात आणि आत झुकत येतात. घुमट बाहेर ढकलतो, कमानींवरचा भार आत झुकतो, दोन्ही जोर एकमेकांना तोलतात. सळई नाही, सिमेंट नाही, वीट आणि चुना. माझे हात आपोआप जोडले गेले.

मलिक-ए-मैदान तोफेपाशी नातू रमला. सिंहाच्या जबड्यात हत्ती अडकलाय असं तिचं तोंड आहे. 1549 मध्ये ती अहमदनगरला ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून इथे आली. 55 टनांचं धूड त्या काळच्या रस्त्यांवरून कसं ओढलं असेल, यावर चाचा आणि मी बराच वेळ बोललो. ताज बावडी ही जुनी विहीर आणि बारा कमान वाटेत पाहिली. बारा कमान म्हणजे अली आदिलशहा दुसऱ्याची कबर, ती अर्धवट राहिली, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत.

दिवसाची खरी कमाई इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याची कबर. लोक गोल घुमट बघून परत फिरतात याचं मला फार वाईट वाटतं. कबरीच्या खोलीचं दगडी छत मधोमध सपाट आहे आणि खालून त्याला कसलाही आधार दिसत नाही. शिळा कडेला कड लावून, चुन्याने सांधलेल्या. सपाट छत कमानीशिवाय पेलायचं म्हणजे काय, हे ज्याने सेंटरिंगच्या फळ्या काढताना श्वास रोखलाय त्याला विचारा. खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरं, उजेड त्या अक्षरांमधून आत येतो. बांधणाऱ्याचं नाव मलिक संदल, ताज बावडीही त्याचीच. नातवाकडून ते नाव वहीत लिहून घेतलं. चाचा बाहेर दीड तास थांबले, एकदाही हाक मारली नाही.

उणीवही सांगतो. मागचा बाक फार कडक आहे, चादर दुमडून न्या. भर उन्हात चाचा दोन तास घोडा सोडतात, तेव्हा त्याप्रमाणे बेत आखा. मला ते आवडलं. घोडा धष्टपुष्ट होता, पाठीवर जखम नव्हती, आणि तांग्यात बसण्याआधी तुम्हीही तेवढं बघाच.

मागच्या बाकावर तोंड उलट्या दिशेला असतं. संध्याकाळी स्टेशनकडे परतताना नातू झोपला होता, आणि घरांच्या वर तो घुमट बराच वेळ मला दिसत राहिला. चाचांना ठरल्यापेक्षा शंभर जास्त दिले, घोड्याच्या चाऱ्यासाठी म्हणून.