ग्वाल्हेरची थंडी आणि ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल : हिवाळा ते उन्हाळा वापरून

गेल्या डिसेंबरात गाडीत सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० (तेलाच्या घट्टपणाचा दर्जा), जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) गिअर ऑइल भरलं. आता जून सरत आलाय. ४-५ अंशांची धुक्याची सकाळ आणि ४५ अंशांची दुपार, दोन्ही याच तेलावर निघाल्या, म्हणून आता खात्रीनं लिहिते. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची मॅन्युअल.

तक्रारी दोन होत्या. सकाळी कंपू भागातून मोरारकडे निघालं की पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर अडायचा, दामटला तर खर्रकन वाजायचा. आणि गाडी न्यूट्रलला उभी असली की बोनेटखालून बारीक घरघर. दोन्ही थंडीबरोबरच सुरू झालं, त्यामुळे सगळ्यांनी एकच रोग धरला. गॅरेजमध्ये तर ऐकताक्षणी सांगितलं, "गियरबॉक्स उतारना पड़ेगा." मला ते पटलं नाही. बॉक्स न उतरवताही बरंच काही कळतं.

आधी क्लच दाबून पाहावा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट (इंजिनाची गती गिअरबॉक्सात आणणारा दांडा) फिरत असतो, क्लच दाबला की तो थांबतो. माझी घरघर क्लच दाबताच बंद व्हायची, म्हणजे संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) बघायचं. मग किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याकडच्या चढावर काच खाली करून गेले. तिथला कडा आवाज परत देतो, गर्दीत न ऐकू येणारंही कळतं. गुणगुण एकाच गिअरात असेल तर त्या गिअरचे दाते, सगळ्या गिअरांत असेल तर बेअरिंग किंवा डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना गती वाटून देणारा भाग). वळणावर आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा). रिव्हर्समधल्या सुरावरून मात्र कुणी घाबरू नये. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, ते वाजतातच. थंडीच्या शांत गल्लीत ते जास्त जाणवतं इतकंच.

मग तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप होता. बोटांत चोळला तर कुठे टोचलं नाही. धातूच्या चकत्या किंवा तुकडे निघाले असते तर तेल बदलण्यात अर्थ नव्हता. आत होतं ८०डब्ल्यू-९० मिनरल, आणि गाडीच्या पुस्तकात मात्र ७५डब्ल्यू-९० लिहिलेलं.

फरक पहिल्या, म्हणजे थंडीतला घट्टपणा सांगणाऱ्या आकड्याचा आहे. घट्टपणाची जी मर्यादा ८०डब्ल्यूला उणे २६ अंशांवर पाळावी लागते, तीच ७५डब्ल्यूला उणे ४० वर. आपल्याकडे सहसा उणे तापमान होत नाही, पण ५ अंशांवरही मिनरल तेल पुरेसं जड होतं, सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) ते बाजूला सारून गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. शिवाय साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सहसा पंप नसतो, गिअरच तेल उडवतात. इंजिनाचा काटा वर आला तरी बॉक्स गारच असतो.

नवं तेल भरल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दुसरा गिअर बिनतक्रार पडला. धुक्यात हळू, सारखे गिअर बदलत जावं लागतं, तिथे हे सुख फार मोठं आहे. उन्हाळ्यातही काही बिघडलं नाही, कारण गरम झाल्यावरचा ९० हा आकडा दोन्ही तेलांचा सारखाच.

घरघर मात्र राहिली. जराशी मऊ झाली, गेली नाही. मला या तेलाचा खरा उपयोग इथेच वाटतो: थंडीचा भाग त्यानं काढून घेतला आणि झिजेचा भाग वेगळा उरला. होळीनंतर बॉक्स उतरवला, पण आता नेमकं काय शोधायचं ते माहीत होतं. इनपुट शाफ्टचं बेअरिंग हातात धरून फिरवलं तर बोटांना खरखर लागत होती. ते बदललं, बॉक्स खाली आलाच होता म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही. सिंक्रो रिंगांना हात लावावा लागला नाही. सुरुवातीलाच सगळं खोललं असतं तर त्याही बिलात आल्या असत्या, असं मला वाटतं.

घेताना डब्यावर जीएल-४ आहे ना, ते वाचाच. दुकानात जीएल-५ सहज पुढे करतात, "वही है, और अच्छा है" म्हणत. पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत, आणि जास्त निसरडं तेल असलं की रिंगची पकड सुटते. भरताना फिलर प्लगच्या तोंडापर्यंतच, गाडी सपाट जागी उभी करून. किंमत मिनरलपेक्षा बरीच जास्त पडते. ज्यांची गाडी ऊन वर आल्यावरच बाहेर निघते, त्यांना एवढा खर्च करायची गरज नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनी हे तेल घेऊच नये. त्यांच्या बॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) किंवा सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) वेगळं तेल लागतं.