झाडीपट्टीच्या नाटकांसाठी रेंजफाइंडरवर ७५ मिमी: कलर-हेलियारचा दोन हंगामांचा अनुभव

फोइग्टलेंडरची कलर-हेलियार ७५ मिमी एफ/२.५ ही लेन्स मी गेले दोन हंगाम बेसा आर या रेंजफाइंडर (लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवण्याच्या) कॅमेऱ्यावर वापरत आहे. हंगाम म्हणजे आमच्याकडचा नाटकांचा हंगाम. धान कापून झाले, दिवाळी सरली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत रात्रीची नाटके सुरू होतात व होळीच्या आसपासपर्यंत चालतात. नाटक कंपन्यांचे मुख्य ठिकाण असलेले देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा, माझ्या गावापासून फार लांब नाही. रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडतो. तेवढ्या वेळात नटाच्या चेहऱ्यावर जे घडते ते फिल्मवर यावे, या एका कामासाठी मला शॉर्ट टेलिफोटो, म्हणजे दूरचे थोडे जवळ आणणारी लेन्स, हवी होती आणि माझे मत त्याच कामावरून बनले आहे.

आधी माझ्याकडे फक्त ५० मिमी फोकल लेंग्थची लेन्स होती. मंचासमोर खाली बसल्यावर नट आणि माझ्यात साधारण पाच मीटरचे अंतर राहते. तेवढ्या अंतरावरून ५० मिमीमध्ये सुमारे २.४ × ३.६ मीटरचा भाग येतो, म्हणजे नट छोटा आणि मागचा रंगवलेला वाडा मोठा. ७५ मध्ये हाच भाग १.६ × २.४ मीटर होतो आणि ९० मध्ये १.३ × २ मीटर. कॅमेरा उभा धरला, तर ७५ मध्ये उभा माणूस डोक्यावर थोडी मोकळी जागा राखून पूर्ण मावतो. ९० मध्ये तोच माणूस फेटा बांधलेला पाटील असेल, तर फेट्याचा तुरा तरी कापला जातो किंवा पाय तरी. पुढे मंचामागच्या रंगपटात जायचे झाले, तर तिथे जागाच दीड-दोन मीटरची असते आणि तेवढ्यात ७५ मध्ये डोके व खांदे व्यवस्थित बसतात.

हे गणित मी आधी केले नव्हते आणि त्यामुळे पहिली खरेदी चुकली. मी घेतली ती सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ/२. १९३० च्या दशकातील कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी झाइसने बनवलेल्या ८५ मिमी सोनारची ती वारसदार आहे, तिच्या डायफ्रामला पंधरा पाती आहेत आणि फोकसबाहेरचे दिवे ती फार गोड उतरवते, हे मी आजही मान्य करतो. ३९ मिमी आट्यांची कोणतीही लेन्स ३९ मिमी आट्यांच्या कोणत्याही बॉडीवर चालते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. आटे बसतात हे खरे आहे. फोकस जुळेल याची हमी मात्र त्यात नसते. सोव्हिएत कारखान्यांनी आटे लायका या जर्मन कॅमेऱ्याचे घेतले, तरी ज्या मूळ फोकल लेंग्थच्या मापावर लेन्सची सरक आणि कॅमेऱ्यातील रेंजफाइंडरची दांडी जुळवली जाते, ते माप कॉन्टॅक्सचे, म्हणजे ५२.४ मिमी ठेवले. लायकाचे ते ५१.६ मिमी आहे. बेसा आर लायकाच्या मापाला धरून बनलेला असल्याने अशी लेन्स अनंताला जुळली, तरी जवळ येता येता चुकत जाते.

रंगपटात काढलेल्या पहिल्याच रोलमध्ये फोकस केला होता डोळ्यांवर आणि स्पष्ट आले होते कानातले झुमके. चूक माझी की लेन्सची, हे ठरवण्यासाठी घराच्या ओट्यावर सात काडेपेट्या तिरक्या ओळीत, प्रत्येक पेटी आधीच्या पेटीपेक्षा दोन सेंटिमीटर मागे, अशा मांडल्या. कॅमेरा दीड मीटरवर तिपाईवर ठेवून मधल्या, म्हणजे चौथ्या पेटीच्या छापील अक्षरांवर फोकस केला आणि एफ/२ वर पाच फोटो काढले. प्रत्येक फोटोआधी रिंग पूर्ण फिरवून फोकस नव्याने जुळवला. निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्यावर कळले की चौथी पेटी एकाही फोटोत नीट नव्हती. एकात पाचवी स्पष्ट होती, तिघांत सहावी आणि एकात चक्क सातवी. म्हणजे दोष दोन होते. सगळेच फोटो मागे सरकलेले होते, हा लेन्सच्या जुळणीचा दोष. जाणकार माणूस आत पातळ चकती घालून तो बराचसा काढू शकतो. पण पाच फोटोंतले उत्तर एकसारखे नव्हते, हा दोष लेन्सचा नव्हता. तो माझ्या कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरची मर्यादा दाखवत होता आणि त्यावर कोणत्याही चकतीचा उपाय नाही.

ही मर्यादा समजून घेतल्याशिवाय कोणीही रेंजफाइंडरसाठी शॉर्ट टेलिफोटो घेऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन. रेंजफाइंडर अंतर मोजतो तो दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून. या खिडक्यांमधले अंतर हा त्याचा पाया. पायाला व्ह्यूफाइंडरच्या वर्धनाने गुणले की प्रभावी पाया मिळतो आणि तो जितका लांब तितका फोकस नेमका. बेसा आरचा पाया ३७ मिमी आणि वर्धन ०.६८ आहे, म्हणजे प्रभावी पाया जेमतेम २५ मिमी. ०.७२ वर्धनाच्या लायका एम६ चा तो सुमारे ५० मिमी भरतो आणि १९५४ च्या एम३ चा ६२ मिमी. दुसऱ्या बाजूला लेन्सची मागणी असते. फोकल लेंग्थचा वर्ग करून त्याला ॲपर्चरच्या (एफ/ पुढच्या) आकड्याने, जो जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा १०० ने भागावे, की त्या लेन्सला पूर्ण उघडल्यावर किती मिलिमीटरचा प्रभावी पाया हवा, याचा ढोबळ अंदाज मिळतो. यात डोळ्याची ताकद कोनाच्या एका मिनिटाची आणि फिल्मवरचा चालण्याजोगा धूसर ठिपका ०.०३ मिमीचा धरला आहे. या हिशेबाने ५० मिमी एफ/१.५ ला सुमारे १७ मिमी लागतात, ७५ मिमी एफ/२.५ ला २२.५, ९० मिमी एफ/३.५ ला २३, ८५ मिमी एफ/२ ला ३६ आणि ९० मिमी एफ/२ ला ४०.

माझ्याकडे २५ होते आणि मी ३६ मागणारी लेन्स घेऊन बसलो होतो. त्याच ३९ मिमी आट्यांच्या फोइग्टलेंडर मालिकेत ७५ ला एफ/२.५ आणि ९० च्या अपो-लँथरला एफ/३.५ एवढेच ॲपर्चर का, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. दोन्हींची मागणी या २५ च्या आत बसते, हे पाहिल्यावर तो कंजूषपणा नसून हिशेब असावा, असे मला वाटते.

८५ मिमी एफ/२ वाईट असते, असा याचा अर्थ नाही. १९५० मध्ये जपानी छायाचित्रकार जुन मिकी यांनी ८५ मिमी एफ/२ निक्कोरने काढलेले चित्र पाहून अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन चकित झाले आणि कोरियाच्या युद्धात त्यांनी आपल्या लायकांवर निक्कोर लेन्स वापरल्या, ही गोष्ट छायाचित्रकारांमध्ये सर्वश्रुत आहे. पण त्या काळच्या आट्यांच्या लायकाला फोकससाठी वेगळी खिडकी होती. तिचा पाया ३९ मिमी आणि वर्धन दीडपट होते, म्हणजे प्रभावी पाया ५८ मिमी, बेसाच्या दुपटीहून अधिक. लेन्सची कीर्ती आपल्यापर्यंत पोचते. ती कोणत्या कॅमेऱ्यावर मिळवली होती, हे मागे राहून जाते.

आता चौकटीविषयी, म्हणजे फोटोत किती येईल हे दाखवणाऱ्या व्ह्यूफाइंडरमधल्या रेषांविषयी. बेसा आरमध्ये ३५ व ९० ची जोडी, ५० आणि ७५ अशा चौकटी आहेत आणि त्या वरच्या खटक्याने हाताने निवडाव्या लागतात. ८५ साठी चौकटच नाही. ७५ आणि ९० च्या मधे कुठेतरी कल्पनेने रेषा ओढावी लागते. ९० ची चौकट ३५ च्या चौकटीच्या क्षेत्रफळाच्या केवळ १५ टक्के भरते, ७५ ची २२ टक्के. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. रात्री एक वाजता, जागरणाने डोळे जड झालेले असताना, तो मोठा असतो. ७५ च्या चौकटीत मला नटीची मान कोणत्या बाजूला कलली आहे हे दिसते आणि चौकटीबाहेरही भरपूर मंच दिसत राहतो, त्यामुळे विंगेतून येणारे पात्र चौकटीत शिरण्याआधीच कळते. रेंजफाइंडरचे हे सुख मला लेन्समधूनच पाहायच्या एसएलआर कॅमेऱ्यात कधी मिळाले नाही.

लेन्स म्हणून कलर-हेलियार साधी आणि सरळ आहे. वजन २३० ग्रॅम, बांधणी धातूची, फिल्टरचे माप ४३ मिमी, सर्वांत जवळचे अंतर एक मीटर. नाटकाच्या रात्री मी इलफर्ड एचपी५ प्लस ही फिल्म १६०० आयएसओ धरून वापरतो आणि मंचावर चांगला उजेड असताना एफ/२.५ ला १/१२५ मिळतो. ९० मिमी एफ/३.५ असती, तर त्याच उजेडात १/६० वर यावे लागले असते, तेही अधिक लांब लेन्सने आणि हातात धरून. मंचाच्या कडेचे दिवे चौकटीत आले की ज्युपिटरच्या चित्रावर दुधाळ पडदा पसरत असे. हेलियारमध्ये दिव्याशेजारचा काळा पडदा काळाच राहतो. काडेपेट्यांची परीक्षा तिचीही घेतली: दीड मीटरवर एफ/२.५ ला पाचही फोटोंत चौथी पेटी स्पष्ट होती आणि अलीकडची-पलीकडची एकेक पेटीही वाचता येत होती.

गेल्या हंगामातला एक फोटो मात्र परीक्षेहून बोलका आहे. रंगपटात एक नट म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी स्वतःच्या केसांना पांढरा रंग लावत होता. वर एकच बल्ब, हातात चौकट निखळलेला आरसा. सव्वा मीटरवरून, एफ/२.८ ला, जवळच्या डोळ्यावर फोकस करून मी फोटो घेतला. निगेटिव्हमध्ये भुवईचे केस मोजता येतात, त्यातल्या काहींवर रंगाचा दाणा बसलेला दिसतो आणि कानापाशी येईपर्यंत सगळे मऊ होत जाते. बेसाच्या धातूच्या शटरचा आवाज लायकाच्या कापडी शटरपेक्षा बराच मोठा असल्याने त्या शांत जागेत त्याने लगेच मान वळवली. मंचासमोर ऑर्गन आणि तबल्यापुढे तो आवाज कोणाला ऐकूही येत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एक मीटरच्या आत ही लेन्स येत नाही, त्यामुळे नुसते हात किंवा पायातले चाळ काढायचे असतील तर तिचा उपयोग नाही. ४३ मिमीचे फिल्टर आमच्या भागात बाहेरून मागवावेच लागतात. फोकसबाहेरच्या दिव्यांचा गोडवा ज्युपिटरइतका नाही. शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठीही ती मला अपुरी पडली. दाणीच्या, म्हणजे धावपट्टीच्या, कडेला गर्दीमागे उभे राहून धावती जोडी टिपायची, तर ९० हवीच आणि दिवसाच्या उन्हात एफ/४ पुरेसे असल्याने फोकसचाही प्रश्न येत नाही.

कॅमेरा वेगळा असेल तर निवडही वेगळी होईल. लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ याच चौकटी आहेत, ७५ ची नाही. त्याच्या मोठ्या व्ह्यूफाइंडरमध्ये ९० ची चौकट प्रशस्त दिसते आणि पायाही भक्कम आहे, तेव्हा एम३ च्या मालकाने ९०च घ्यावी, बैलजोडीइतके पैसे मोजण्याची तयारी असेल तर एफ/२ सुद्धा. लायकाच्या एम४-पी आणि एम६ मध्ये ७५ ची चौकट आहे; तिथे ही लेन्स लावताना आट्यांवरची अडॅप्टर रिंग ५०/७५ चीच मागावी, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये भलतीच चौकट उमटते. लायका सीएलचा पाया बेसापेक्षाही आखूड आहे आणि त्याच्यासोबत १९७३ मध्ये ९० मिमी आली ती एफ/४ होती, हे त्या कॅमेऱ्याच्या मालकांनी ध्यानात ठेवावे.

ही लेन्स आता जुन्या बाजारातच मिळते, म्हणून घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च लावावा आणि पुढून आरपार पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, धुके दिसले तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसली आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सचे वंगण पातळ होऊन पात्यांवर उतरते आणि लगेच येणारा पावसाळा बुरशी आणतो, म्हणून माझी लेन्स चामड्याच्या केसमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, घरातल्या सर्वांत थंड खोलीत असते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करून घ्यायचे. गेल्या पावसाळ्यात हे पाच वेळा करावे लागले. दिवाळीनंतर पहिल्या मंडईच्या आदल्या दिवशी डबा उघडून टॉर्च लावला, तेव्हा काच स्वच्छ होती.