सोलर सांगाड्याचा ब्रॅकेट : एम-१२ की एम-१६?

छतावरील सोलर पॅनेलच्या सांगाड्यात ६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे ब्रॅकेट जोडताना ४.६ ग्रेडचा एम-१६ (१६ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट घ्यावा की ८.८ ग्रेडचा, म्हणजे दुप्पट ताकदीच्या पोलादाचा, एम-१२ (१२ मिलिमीटरचा), हा प्रश्न हमखास येतो. जाड बोल्टकडे मन ओढले जाते. पण पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८०० (२००७) नुसार, कर्तन (बोल्ट आडवा कापला जाणे) आट्यांच्या भागातून होते असे धरले, तर कापल्या जाणाऱ्या एका पातळीत पहिल्याची संकल्पित क्षमता सुमारे २९ किलोन्यूटन येते आणि दुसऱ्याची सुमारे ३१. ताकद जवळपास सारखीच असल्याने निर्णय भोकावर येऊन ठरतो.

एम-१६ साठी प्रमाणित भोक १८ मिलिमीटरचे आणि एम-१२ साठी १३ चे. भोकाच्या केंद्रापासून पट्टीच्या कडेपर्यंतचे अंतर, कड करवतीने किंवा यंत्राने कापलेली असल्यास, भोकाच्या व्यासाच्या किमान दीडपट लागते; कातरलेल्या किंवा हाताने गॅसवर कापलेल्या कडेला १.७ पट. ५० मिलिमीटर रुंद पट्टीच्या मध्यावर भोक पाडले की कडेला २५ मिलिमीटरच उरतात, आणि एम-१६ ला किमान २७ हवेत. त्यामुळे अशा पट्टीवर एम-१२ च योग्य. पट्टी ६५ मिलिमीटरची असेल, तर दोन्ही बसतात.

तरीही एम-१६ ची एक बाजू मला महत्त्वाची वाटते. एम-१२ मध्ये ८.८ ऐवजी चुकून ४.६ ग्रेडचा बोल्ट लागला, तर क्षमता निम्मी होते. म्हणून माल उतरवून घेतानाच बोल्टच्या डोक्यावरील ग्रेडचा आकडा तपासावा. शिवाय १३ च्या भोकात मोकळीक फक्त १ मिलिमीटर असते, आणि भोके पाडल्यानंतर गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) केले की तीही घटते. भोके जुळेनात म्हणून ती जागेवर गॅसने मोठी करणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. त्यापेक्षा जोडातील एकाच भागात आधीपासून लांबट भोक ठेवावे. मात्र अशा भोकाच्या लांबीच्या दिशेने बोल्टला टेकायला पोलाद नसते, तिथे भार केवळ घर्षणावर राहतो. म्हणून वारा पॅनेल वर उचलतो त्या जागी लांबट भोक भाराच्या दिशेला आडवेच हवे आणि त्यावर जाड चौकोनी वॉशर हवा. लांबीला काटकोनात भार आला तरी बेअरिंगची (बोल्ट भोकाच्या कडेवर टेकून भार घेण्याची) क्षमता आखूड लांबट भोकात साध्या भोकाच्या ०.७ पट आणि जास्त लांब लांबट भोकात ०.५ पटच धरावी लागते.

गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेटला हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) बोल्ट घ्यावेत. इलेक्ट्रोप्लेटिंगचा पातळ थर उघड्यावर फार टिकत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेसाठी ३१६ जातीचे स्टेनलेस, म्हणजे ए४-७०, अधिक टिकाऊ आहे, पण एम-१२ मध्ये त्याची क्षमता सुमारे २७ किलोन्यूटन धरावी आणि आटे एकमेकांत अडकू नयेत यासाठी आवळण्यापूर्वी त्यांना अँटी-सीझ वंगण लावावे.