जुने कॉम्प्युटर, लिनक्स मिंट आणि तीस रुपयांचा सेल: शाळेच्या लॅबमधला दिवाळी ते जूनचा अनुभव

"बोर्ड गेलाय सर, ह्याचे पार्ट आता मार्केटला येत नाहीत, नवीनच घ्या." आमच्या लॅबची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, ज्यांच्याकडे आहे त्यांच्या माणसाने हे एका मशीनसमोर उभं राहून सांगितलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. स्क्रू ड्रायव्हर बॅगेतून बाहेर आलाच नाही. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सगळ्या लॅबच्या नवीन डेस्कटॉपचं कोटेशन हजर, आकडा बघून मोठ्या बाईंनी फोन सरळ माझ्या हातात दिला. आणि स्क्रीनवर होतं काय, तर 'सीमॉस चेकसम एरर, पुढे जायला एफ-वन दाबा'. अहो, बोर्ड गेला असता तर हा मेसेज कुठून उमटला असता? तर रिव्ह्यू खरं म्हणजे जुन्या मशीनवरच्या लिनक्स मिंटचा आहे, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम ती, पण हा मेसेज ज्याच्यापायी येतो त्या मदरबोर्डवरच्या सेलबद्दल जरा जास्त लिहिलं जाणार, आधीच सांगून ठेवतो.

मशीनबद्दल थोडक्यात. भांडुपमधली मराठी माध्यमाची शाळा, लॅब म्हणजे पूर्वीचा हस्तकलेचा वर्ग. बीकेसीतल्या एका ऑफिसने काढून टाकलेले डेस्कटॉप एका पालकाच्या ओळखीने मिळाले. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री ३२२०, ४ जीबी डीडीआर-थ्री, ५०० जीबीची फिरणारी हार्डडिस्क. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, २०१२-१३ सालचे ऑफिसवाले डबे सगळ्या कंपन्यांचे आतून साधारण एकसारखेच. विंडोज १० होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, म्हणजे आमचं नाव यादीतच नाही. जुगाड करून टाकता येतं ११, पण पुढे अपडेट मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही. शाळांसाठी मायक्रोसॉफ्टने १० चे जादा सिक्युरिटी अपडेट स्वस्तात ठेवलेत हे खरंय, मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४, पण त्यासाठी शैक्षणिक लायसन्सची कागदपत्रं लागतात, आणि आमच्या क्लार्कबाईंना यू-डायसमधून, म्हणजे शाळेची माहिती सरकारी पोर्टलवर भरण्यातूनच, डोकं वर काढायला वेळ नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मिंट टाकलं.

मिंट २२, एक्सएफसीई ह्या हलक्या डेस्कटॉपवालं. अपडेट २०२९ पर्यंत, पैसे शून्य. सुरुवातीला मी अजिबात खूश नव्हतो. हार्डडिस्कवर टाकलं तर चालू व्हायला जवळपास विंडोजएवढाच वेळ, ब्राउजर उघडेपर्यंत पोरं अर्धी भांडणं उरकून मोकळी. लोक उगाच लिनक्सचे गोडवे गातात असं वाटलं. मग काही मशीनमध्ये २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली आणि तीच मशीन अर्ध्या मिनिटात तयार! रॅम वाढवायला निघालो होतो, ते पैसे वाचले, ४ जीबीत एक ब्राउजर आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर आरामात चालतं, फक्त वीस टॅब उघडू नका हे दर तासाला ओरडून सांगावं लागतं. ज्यांच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत त्यांनी एसएसडी घ्यावी. भाव हल्ली चढलेत, तरी घ्यावी.

व्हिडिओबद्दल एक, कारण ह्यावरून बरेच जण मशीनच भंगारात काढतात. यूट्यूब हल्ली व्हिडिओ पाठवतं व्हीपी-नाइन नाहीतर एव्ही-वन ह्या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, आणि ह्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला स्वतःच्या हार्डवेअरवर ते जमत नाहीत, जुना एच.२६४ जमतो. मग सगळं ओझं प्रोसेसरवर, चित्र अडकतं, पंखा बोंबलतो. ब्राउजरला एच.२६४ च मागायला लावणारं छोटंसं फुकट एक्स्टेन्शन मिळतं, ते टाकलं की ७२० वर व्यवस्थित चालतं. दीक्षा ह्या सरकारी पोर्टलवरचे धडे, बालभारतीच्या पीडीएफ, कशालाच अडचण नाही. लहान वर्गांना जीकॉम्प्रिस हे शैक्षणिक खेळांचं आणि टक्स पेंट हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर दिलंय, ती पोरं लॅबमधून निघत नाहीत. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड मिंटमध्ये आतच आहे, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडा, झालं. आठवीच्या पोरांना विंडोज नाही हे दोन दिवसांत दिसेनासं झालं, तक्रार फक्त शिक्षकांची. आणि 'पुढे नोकरीत विंडोजच असतं' म्हणणाऱ्यांसाठी, केरळात सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं उबुंटूवर बेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम वापरतात, त्यांची 'काईट' नावाची सरकारी संस्थाच ती बनवून देते. तिथल्या पोरांना काय नोकऱ्या लागत नाहीत?

आता सेल.

मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी, माप नावातच आहे. ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायॉसच्या, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग लक्षात ठेवायच्या, एवढंच काम. सेलवर चालणारं घड्याळ आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीपासून आहे, त्याआधीचे पीसी चालू केले की डॉस रोज तारीख-वेळ विचारायचं. चाळीस वर्षं झाली ह्या गोष्टीला आणि अजून ह्याच्यापायी लॅब बंद पडते!

सेल मेला की काय होतं, तर रोज सकाळी एफ-वन. बहुतेक पोरांना वाटतं मशीन बिघडली, ती हात वर करून बसून राहतात. तारीख जाते २०१२ सालात. तारीख गेली की ब्राउजर एकही साइट उघडत नाही, कारण त्या साइटचं सर्टिफिकेट त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच यायचंय. मग एक पोरगं ओरडतं "सर, नेट गेलं", दुसरं म्हणतं "व्हायरस आला", आणि एएमसीवाला म्हणतो बोर्ड गेला. विंडोजमध्ये वेळ आपोआप जुळवायची सोय आहे, पण फरक वर्षांचा असला की ती गप्प बसते, हाताने तारीख घालावी लागते. मिंट मात्र नेट जोडलं की पाच-दहा सेकंदांत आपलं आपण घड्याळ लावून घेतं. एफ-वन तरी राहतोच, तो बायॉसचा आहे.

मला प्रश्न पडला होता की बीकेसीत इतकी वर्षं धड चाललेली मशीन भांडुपला येऊन वर्षा-दोन वर्षांत सेल का खातात. उत्तर भिंतीवर होतं. ऑफिसात प्लगचं बटण कोणी बंद करत नाही. मशीन शटडाउन केली तरी एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, बोर्डाला थोडा स्टँडबाय करंट देत राहतो, घड्याळ त्याच्यावर चालतं. तिथे सेल म्हणजे बारावा खेळाडू. शाळेत मामा शाळा सुटली की लॅबचा मेन स्विच पाडतात, मग रात्रभर, रविवारी, गणपतीत, दिवाळीत आणि अख्खा मे महिना सगळी बॅटिंग त्याच्याच गळ्यात. मामांना म्हटलं मेन चालू राहू द्या की. ते म्हणाले, "सर, पावसात त्या भिंतीला एकदा हात लावून बघा." लावला. त्यावर पुढे काही बोललो नाही, मेन बंदच राहतो.

एक उपाय सगळे सुचवतात, बायॉसमध्ये जाऊन 'एरर आली तरी थांबू नको' ही सेटिंग करा. केली ना. पण ती सेटिंग लक्षात कोण ठेवणार? तोच मेलेला सेल. मेन बंद झाला की सेटिंग गायब. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला एकदा आमच्या लॅबमध्ये सकाळच्या पहिल्या तासाला आणून बसवायचंय.

इथपर्यंतचं वार्षिक परीक्षेच्या आधी टाइप करून ठेवलं होतं. आता जूनमध्ये शाळा उघडलीय, त्यामुळे पुढचं जरा वेगळ्या मताने.

झालं असं की सेल बदलायला निघालो तेव्हा मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून ब्रँडेड सेल आणले, तीस-चाळीस रुपयांना एक. मोठ्या बाई म्हणाल्या, बाकीचे स्वस्तातले बघा की. मग उरलेल्या मशीनना स्टेशनबाहेरची पाच सेलची पट्टी. मे महिन्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मेन चालू केला आणि पट्टीवाल्या मशीनची एफ-वनची रांगच लागली. मल्टिमीटर लावला, नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हे २.५ च्या पण खाली. ब्रँडेडवाली एकही अडकली नाही. बाईंना मीटर दाखवला, त्यांनी मुकाट्याने व्हाउचरवर सही केली. त्या पट्टीत दोन सेल तर सीआर२०२५ निघाले, सीआर२०३२ नाही. तेही ३ व्होल्टचेच, पण पातळ, होल्डरमध्ये सैल बसतात, हात लागला की संपर्क तुटतो. दुकानदार म्हणतो चालतं. नाही चालत.

आणि मिंटबद्दलचं मत इथे खूपच वर गेलं. दोन मशीनवर मी विंडोज ठेवलं होतं, एक लॅबमध्ये आणि एक स्टाफरूममध्ये. सेल मेल्यावर बायॉस फॅक्टरी सेटिंगवर गेलं, त्यात साटाचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीचा, मोड बदलला, आणि लॅबमधलं विंडोज निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट व्हायला लागलं. एएमसीचा माणूस तिथे असता तर हार्डडिस्क पण गेली म्हणाला असता. मोड परत एएचसीआय केला, चालू. मिंटच्या मशीनमध्येही मोड बदलला होता, पण त्यांनी दखलच घेतली नाही, एफ-वन दाबला आणि डेस्कटॉप आला. दिवाळीत ह्याला मी दहापैकी सहा दिले असते, आता साडेआठ. दीड मार्क प्रिंटरचा कापला, त्यावर खाली येतो.

सेल बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. प्लग काढायचा, होल्डरची क्लिप बाजूला दाबायची, जुना उडी मारून बाहेर, नवा अधिकची बाजू वर ठेवून आत. मग बायॉसमध्ये तारीख आणि साटा मोड बघून सेव्ह करायचं. पोरं आसपास असताना मात्र हे करू नका, आणि जुने सेल टेबलावर टाकू नका. लहान पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, सरळ हॉस्पिटल गाठावं लागतं. मी जुने सेल एकेक करून टेपमध्ये गुंडाळतो आणि बरणीत बंद ठेवतो, ई-कचऱ्यात द्यायला.

पावसाळ्याचं म्हणाल तर दुसरा त्रास रॅमचा. दमट हवेने तिच्या पट्ट्यांवर थर चढतो, मशीन नुसती बीप बीप करते. रॅम काढायची, खोडरबराने पट्ट्या घासायच्या, परत लावायची. खोडरबराला शाळेत तोटा नाही. ह्यालाही एएमसीवाल्यांच्या भाषेत बोर्ड गेला म्हणतात. कोणाला दान म्हणून कॉम्प्युटर मिळत असतील तर घेताना झाकण उघडून बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगलेत का तेवढं बघा. ते फुगले असतील तर खरंच बोर्ड गेला, घेऊ नका.

आता स्टाफरूम. तिथली दुसरी विंडोज मशीन मी काढू शकत नाही. गेल्या वीसेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखी दिसणाऱ्या मराठीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, मिंटवर उघडल्या की 'खालील प्रश्नांची उत्तरे लिहा'च्या जागी कसलीतरी चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं दिसतात. आमच्या एक बाई निवृत्तीला आल्यात, त्यांची बोटं त्या फॉन्टच्या कीबोर्डवर झोपेतही चालतात, त्यांना आता इनस्क्रिप्ट शिका म्हणायची माझी हिंमत नाही. ती मशीन नेटपासून तोडून ठेवलीय, पेनड्राइव्हवरून प्रिंट काढायची, बस. नवीन प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्येच करायच्या असं ठरलंय, तिघांनी पाळलंय.

राहता राहिला प्रिंटर. जुना काळा-पांढरा लेझर, मुंबईतल्या निम्म्या शाळांमध्ये आणि सगळ्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसतो तोच, मजबूत एकदम, पण मिंटवर त्याचा ड्रायव्हर एकदा पान छापतो आणि मग रांगेत अडकून बसतो, बंद करून चालू केल्याशिवाय दुसरं पान येत नाही. घटक चाचणीचे पेपर असे एकेक पान करून कोण काढणार? नवीन प्रिंटर घ्यायचा नाहीये, टोनर रिफिल अजून स्वस्तात होतं. कोणी हा प्रकार मिंट २२ वर नीट चालवून दाखवला असेल तर कोणता ड्रायव्हर टाकला तेवढं सांगा, ऑगस्टमधल्या चाचणीच्या आधी हवंय.