कोल्ड्रिंक घ्यायचं तर कुठलं: काच, प्लॅस्टिक की मशीन?

बेळगावात खडेबाजार किंवा गणपत गल्लीत कोला प्यायचा तर काचेच्या बाटलीतला घ्या. कारखान्यातला माल एकच असतो, फरक पडतो गॅसमध्ये. काचेतून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. प्लॅस्टिकमधून तो रोज थोडा थोडा निसटतो, उन्हात जास्तच. त्यातही २५० मिलीची बाटली २ लिटरच्या बाटलीआधी बेचव होते, कारण मालाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. म्हणून एप्रिल-मेत निपाणी, खानापूरकडे दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतलं काही उचलू नका, तारीख ताजी असली तरी.

गॅस घरीही मोजता येतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा हवा. प्लॅस्टिकची बंद बाटली कोरडी पुसून वजन करा, मग फ्रीजमध्ये गार करून हळू उघडा. बाटली गार नसेल तर फेस उसळतो, आणि थेंबभर जरी सांडला तरी हिशेब चुकला. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत झाकण लावून हलवा, सैल करा, पुन्हा हलवा. बाटली खोलीच्या तापमानाला आली की पुसून झाकणासकट वजन करा. कोल्यात लिटरमागे साधारण ७ ते ८ ग्रॅम गॅस भरतात, म्हणजे २५० मिलीत पावणेदोन ते दोन ग्रॅम. थोडा गॅस पेयात विरघळलेलाच राहतो, म्हणून घट त्याहून थोडी कमी दिसते. घट फारच कमी आली तर माल जुना किंवा तापलेला. संत्र्याच्या पेयात गॅस मुळातच कमी असतो, त्याला हा आकडा लावू नका.

मशीनच्या ग्लासवर आमचा भरवसा कमी. तिथे सिरप आणि सोडा जागेवरच मिसळतात; १ भाग सिरपला ५ भाग सोडा हे प्रमाण बिघडलं की गोडी ढळते. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबातली साखर मोजणाऱ्या उपकरणावर, साखरेचा कोला १० ते ११ ब्रिक्स (साधारण तेवढे टक्के साखर) दाखवतो. ८ आला तर सिरप कमी पडतंय. मात्र थेंब गॅस काढलेला आणि बर्फ न घातलेल्या ग्लासातला हवा, नाहीतर आकडा खोटा. नळीच्या तोंडाला आंबूस वास येत असेल तर तो ग्लास घेऊच नका.

बिअरची पारख वेगळी. तिथे रिफ्रॅक्टोमीटर फसवतो, कारण अल्कोहोलने वाचन बदलतं. डोळे आणि नाक वापरा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड शिरला की हॉप्समधला (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधला) कडू घटक तुटतो आणि उग्र, गंधकी वास येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बाटलीत ऑक्सिजन राहिलाय किंवा ती फार दिवस पडून आहे. तपकिरी बाटली किंवा कॅन मागा, आणि शोकेसमधली नको, आतल्या खोक्यातली द्या म्हणून सांगा.