अंतर सांगणारे संकेतस्थळ: हवाई आकडा चोख, रस्त्याचा मात्र तपासून घ्यावा

दोन शहरांची नावे भरली की त्यांच्यातील हवाई आणि रस्त्याचे अंतर शेजारी शेजारी दाखवणारे एक मोफत संकेतस्थळ मी पुण्याहून होणाऱ्या प्रवासांच्या आखणीसाठी आणि कार्यालयातील प्रवास भत्त्याची बिले तपासण्यासाठी नियमित वापरतो. हवाई अंतरापुरते त्याच्यावर डोळे झाकून विसंबायला हरकत नाही. अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6371 किलोमीटर धरायची आणि गोलावरील सर्वांत जवळची वाट काढायची, हे निव्वळ गणित आहे. पुणे-नागपूरसाठी मिळणारे सुमारे 620 किलोमीटर कागदावर मांडून पाहिले तरी तेवढेच भरतात.

रस्त्याचा आकडा हे वेगळे प्रकरण आहे, आणि माझ्या मते या सेवेचा खरा उपयोग दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. कोल्हापूर हवाई मार्गाने साधारण 205 किलोमीटर आणि रस्त्याने 230च्या आसपास, म्हणजे महामार्ग जवळजवळ नाकासमोर जातो. महाड मात्र सरळ रेषेत जेमतेम 67 किलोमीटर असताना भोरमार्गे वरंध घाट उतरून जायचे म्हटले तर सव्वाशेच्या घरात जाते, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. हे संकेतस्थळ बारा महिने हाच रस्ता दाखवते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने वरंध घाट वाहतुकीसाठी बंद केला जातो आणि ताम्हिणीतून माणगावमार्गे जावे लागते, याचा त्याला पत्ताच नसतो. कोकणात जाणाऱ्यासाठी ही उणीव किरकोळ नाही.

मुंबईच्या बाबतीत ते उलट उपयोगी पडते. द्रुतगती मार्गाची 94.5 किलोमीटर ही लांबी पुणे-मुंबई अंतर म्हणून सर्रास सांगितली जाते. पण तो मार्ग किवळ्याला सुरू होऊन कळंबोलीला संपतो, तेव्हा दोन्ही टोकांचा शहरी रस्ता धरून संकेतस्थळाने दाखवलेले दीडशेच्या जवळपासचे अंतरच बिलाला ग्राह्य धरावे. अंतर नेमके कुठून मोजले हे मात्र पानावर लिहिलेले नाही. मुख्य टपाल कार्यालयाजवळ (जीपीओ) अंतरे मोजण्याचा आरंभबिंदू दाखवणारा झीरो माइलचा दगड असलेल्या पुण्यातील माणसाला हे खटकणारच.

विमानप्रवासाचा जो वेळ दिला जातो, तो हवाई अंतराला ठरावीक वेगाने भागून काढलेला दिसतो आणि म्हणून तो सोडून द्यावा. शनिवारवाड्यापासून लोहगावचा विमानतळ सरळ रेषेतही नऊ-दहा किलोमीटर आहे. संध्याकाळच्या गर्दीत तेवढे कापायला लागणारा वेळ आणि विमानतळावर आधी पोहोचण्याची अट यांचा त्या हिशेबात मागमूसही नसतो.

नावांचा शोध अजून जुन्यावरच अडलेला आहे. नागपूरच्या वाटेवरील टप्पे पाहताना ‘अहिल्यानगर’ लिहिले तर काहीच सापडत नाही, ‘अहमदनगर’ लिहावे लागते. ‘छत्रपती संभाजीनगर’चीही तीच गत, आणि तिथून समृद्धी महामार्ग धरायचा की जुना रस्ता, हा पर्याय निवडण्याची सोयही पानावर कुठे नाही.