होंडा टीएलआर २०० : ट्रायल्ससाठी केलेले बदल आणि बरेच महिने चालवल्यानंतरचं मत

ट्रायल्सच्या गाडीची ताकद वाढवायच्या मागे लागू नये, हे माझं मत आता पक्कं झालंय. पैसे आणि वेळ घालायचाच तर टायर, उभं राहायची जागा, शॉकअप आणि कार्बोरेटर यांवर घालावा. इंजिन खोलायची वेळ सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच जणांवर ती येतही नाही.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दगड, ओढा, चिखलाचा चढ, झाडांची मुळं यांतून आखलेला छोटा टप्पा असतो, त्याला सेक्शन म्हणतात. तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्यानंतर कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. वेग जवळजवळ पायी चालण्याचा. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते, टॉप किती मारते?’ या गाडीबाबत दोन्ही आकड्यांना काही अर्थ नाही. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं की पहिल्या गिअरात, क्लच न दाबता, ती बंद न पडता किती हळू चालते.

मी इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ राहतो आणि पीक डिस्ट्रिक्टच्या आसपासच्या क्लबांच्या स्पर्धांत गाडी चालवतो. माझी टीएलआर जपानहून इथे आलेली. १९४ सीसी, एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, बोअर ६५.५ मिमी आणि स्ट्रोक ५७.८ मिमी. ब्रेक पुढेमागे ड्रमचे, मागे दोन शॉकअप, वजन साधारण ९० किलो. अमेरिकेत हीच गाडी १९८६-८७ मध्ये ‘रिफ्लेक्स’ नावानं विकली जायची. दोन शॉकअपवाल्या जुन्या गाड्यांसाठी इथे ‘ट्विनशॉक’ असा वेगळा वर्ग असतो, त्यामुळे ही गाडी आजही मानानं स्पर्धेत उतरते.

फोर-स्ट्रोकच का, तर इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो. दोन धक्क्यांच्या मधल्या उसंतीत टायर पुन्हा जमीन धरतो. ओल्या दगडावर आणि शेवाळावर हे पायाखाली अक्षरशः जाणवतं. बेल्जियमचा एडी लज्यून १९८२, ८३ आणि ८४ अशी सलग तीन वर्षं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर जगज्जेता झाला, आणि स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून वर्षानुवर्षं मोंतेसाच्या (होंडाच्याच स्पॅनिश कंपनीच्या) फोर-स्ट्रोकवर जिंकत आलाय. त्यांच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा कितीतरी पुढच्या, पण खालच्या आरपीएमवर टायरची पकड टिकवायची हे तत्त्व तेच.

पहिला खर्च टायरवर केला. ट्रायल्सचा टायर वेगळाच असतो: रबर मऊ, बाजूची भिंत लवचीक, गट्टू चौकोनी आणि जवळजवळ. मागे ४.००-१८, पुढे २.७५-२१. मागच्यात मी चार-पाच पीएसआय हवा ठेवतो, पुढच्यात सहा-सात. एवढ्या कमी हवेवर टायर रिममध्ये सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो, म्हणून टायरला रिमवर दाबून धरणारा रिम-लॉक हवाच. पेट्रोलपंपावरच्या हवेच्या मीटरवर इतका खालचा आकडा नीट कळत नाही. शून्य ते पंधरा पीएसआयचा छोटा गेज वेगळा घ्या. एक पीएसआय इकडेतिकडे झाला तरी मागचं चाक मुळांवर घसरतं की चिकटतं, हे बदलतं.

त्यानंतर फूटरेस्ट. कंपनीचे फूटरेस्ट आजच्या पद्धतीनं उभं राहून चालवायला बरेच पुढे आणि वर आहेत. नवे ब्रॅकेट वेल्ड करून ते खाली आणि मागे घेतले, आणि रुंद दातेरी प्लेटचे लावले. आता वजन मागच्या चाकावर टाकायला पूर्ण अंग मागे न्यावं लागत नाही, गुडघे नुसते वाकवले तरी पुरतं. चढाच्या पायथ्याशी पुढचं चाक उचलणं एकदम सोपं झालं. या कामात ब्रेकचं पॅडल आणि गिअरचा खटका यांची अंतरंही बदलतात. ती आधी मोजून घ्या, नाहीतर बुटाचा पंजा गिअरखाली जातच नाही. हँडल उंच उठावाचं घेतलं, पण बसवताना फोर्कच्या रेषेतच ठेवलं.

मागे कंपनीच्या शॉकअपपेक्षा किंचित लांब शॉकअप टाकले. मागची बाजू उचलली गेली की पुढच्या फोर्कचा कोन उभा होतो आणि गाडी जागच्या जागी चटकन वळते. झाडांमधल्या घट्ट वळणांवर हा फरक मोठा आहे. पण लांबी फार वाढवली तर चेन स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, घासायला लागते आणि उतारावर पुढचं टोक बिचकतं, त्यामुळे थोडक्यावर थांबावं. स्प्रिंग आपल्या वजनाची घ्यावी. गाडीवर उभं राहिलं की शॉकअप एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबला पाहिजे. हे कुणाला तरी टेप धरायला सांगून मोजावं.

आता कार्बोरेटर. माझ्या मते या गाडीत खरा जीव इथे आहे. जुन्या कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली सरकणारा आतला भाग, झिजलेली असते, बाजूनं हवा खेचते. मग आयडलिंग कधी चढं राहतं, कधी एकदम कोसळतं, आणि तुम्ही स्क्रू फिरवत बसता. मी सरळ मिकुनीचा व्हीएम २२ बसवला. इंजिनाकडचा रबरी जोडही नवा घेतला, कारण चिरलेल्या रबरातून हवा येत असेल तर कुठलंही ट्यूनिंग टिकत नाही. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर थोडा कार्ब-क्लीनर मारावा. आवाज बदलला तर गळती आहे. गरम सायलेन्सरपासून लांब, आणि मोकळ्या हवेत.

ॲक्सिलरेटर किती उघडलाय त्यावर कार्बोरेटरचा कुठला भाग काम करतो हे ठरतं. एक-अष्टमांशापर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि हवेचा स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा खालचा तिरपा काप, पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेली निडल, आणि त्यापुढे मेन जेट. रस्त्यावर गाडी ट्यून करणारा मेकॅनिक मेन जेटपासून सुरुवात करतो आणि रस्त्यासाठी ते बरोबरच आहे. ट्रायल्समध्ये मात्र सेक्शनचा बहुतेक भाग पहिल्या पावातच जातो. म्हणून मी सगळा वेळ पायलट आणि स्लाइडवर घालवला. शेवटी पायलट जेट एक नंबर मोठा आणि निडलची क्लिप एक खाच खाली, म्हणजे निडल वर, मिश्रण जरा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. आता बंद ॲक्सिलरेटरवरून झटका दिला तरी गाडी खोकत नाही. दगडाच्या पायरीसमोर तो अर्धा क्षण फार महत्त्वाचा असतो.

स्क्रूबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. स्क्रू एअर-फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. व्हीएमचा स्क्रू हवेचा आहे. दर वेळी गाडी पूर्ण गरम झाल्यावरच हात लावा. इथल्या हिवाळ्यात हवा थंड आणि दाट असते, तेव्हा माझा स्क्रू उन्हाळ्यापेक्षा थोडा आत असतो.

मॅग्नेटवर, म्हणजे फ्लायव्हीलवर, लेथवाल्याकडून पितळी कडं चढवून वजन वाढवलं. हलकं फ्लायव्हील कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर अडकतं आणि गाडी फट्कन बंद पडते. जड फ्लायव्हील पिस्टनला पुढे ढकलत राहतं. आता ओढ्यातल्या गोट्यांवरून गाडी बैलगाडीसारखी, न डगमगता, एकेक ठोका मोजत जाते. त्या बदल्यात रेस चढायला किंचित उशीर लागतो. उंच पायरीवर उडी मारून चढणाऱ्यांना हे कडं आवडणार नाही. माझ्या वर्गातले सेक्शन घसरडे आणि लांबलचक असतात, तिथे मला हे वजन काढावंसं वाटत नाही. कडं चढवल्यावर बॅलन्सिंग करून घेणं आणि कव्हरच्या आत पुरेशी जागा आहे का हे पाहणं सक्तीचं समजा.

गिअरिंगमध्ये पुढच्या स्प्रॉकेटचा एकच दात कमी केला. मागचे साधारण चार दात वाढवल्याइतकाच परिणाम होतो आणि खर्च फारच कमी.

क्लच एका बोटानं दाबता यावा म्हणून इंजिनावरचा क्लचचा दांडा थोडा लांब केला आणि वायर नवी टाकली. तेल जासो एमए प्रतीचंच, म्हणजे तेलात बुडालेल्या (ओल्या) क्लचच्या बाइकसाठीचंच, वापरा. कारसाठीचं, घर्षण कमी करणारं तेल टाकलं की ओला क्लच घसरतो. तेलाचा साठा लहान आणि हाफ क्लच सतत, त्यामुळे मी तेल अगदी लवकर बदलतो. पुढचा ड्रम ब्रेक मऊ लायनर घालूनही पाण्यातून बाहेर आल्यावर काही क्षण हरवतो. ओढ्यानंतर उतार असेल तर आधीच ब्रेक हलका दाबून लायनर सुकवत जावं.

बोअर वाढवायची किट मिळते, आणि क्लबातले काहीजण तिच्यासाठी आग्रही आहेत. मी घेणार नाही. मोठ्या पिस्टननं चढावर ओढ वाढते हे खरं, पण तीच ओढ ओल्या गवतावर मागचं चाक फिरवते, आणि मग ती आवरायला पुन्हा फ्लायव्हील, जेट, गिअरिंग सगळं जुळवत बसावं लागतं. आत्ता गाडी जिथे थांबते तिथे कमी पडलेली असते ती माझी लाइन, म्हणजे सेक्शनमधून मी निवडलेली वाट, इंजिन नव्हे.

महाराष्ट्रातले मित्र विचारतात की हीरोची एक्सपल्स २०० अशी करता येईल का. तिच्या अलीकडच्या मॉडेलांत कार्बोरेटर नाही, त्यामुळे पायलट जेटचा भाग सोडला तर विचार तोच लागू पडेल, पण दीडशे किलोच्या वरची गाडी दगडावर उचलून वळवता येत नाही. तिला ट्रेलच्या रस्त्यांसाठीच ठेवा. आणि टायरमध्ये ट्रायल्सइतकी कमी हवा ठेवून डांबरावर गाडी अजिबात चालवू नका, वळणावर टायर दुमडतो.

पेट्रोलबद्दल शेवटचं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, भारतात तर ई-२०. इथेनॉल जुनं रबर खातं आणि उघड्यावर ओलावा ओढतं. मी महागडं ई-५ घालतो, पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे बसवलेत, आणि गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बोल, म्हणजे त्याच्या तळाची पेट्रोलची वाटी, रिकामा करतो. तेवढं केलं की पायलट जेट चोंदत नाही, आणि थंडीतही गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते.